अंकीय वाहक व प्रकाशीय जाल : धारितेचे रूपांतर
अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या टी-१ वाहकात दूरध्वनीच्या २४ वाहिन्या असत. भारताने ३० वाहिन्यांचा, दर सेकंदास २.०४८ मेगाबिट धारितेचा यूरोपीय ई-१ स्वीकारला. पुण्यात १९७९ साली देशातील पहिला प्रकाशीय तंतुमार्ग सुरू झाला. पुढे १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने १५५.५२ मेगाबिटांचे एसटीएम-१ हे एकक ठरविले. सरळ भागाकाराने त्यात ७५ ई-१ बसावयास हवेत. परंतु शीर्षभाग व कालजुळणी यांत जागा जाऊन ६३ च बसतात. जुन्या १३९.२६४ मेगाबिटांच्या श्रेणीत ६४ बसत. हा तोटा क्षुल्लकच म्हणावा लागेल. कारण मुंबई–सुरत मार्गावरील पालघर वा बोईसरसारख्या मधल्या ठिकाणी, तारापूरच्या कारखान्यांसाठी, एखादाच ई-१ उतरवावयाचा झाल्यास जुन्या श्रेणीच्या सर्व पायऱ्या उलगडून पुन्हा बांधाव्या लागत. नव्या पद्धतीत तो थेट काढता येतो.