नर्मदेकाठची आठवड्याची वाट

नर्मदेला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र मध्ये कोठेही न ओलांडता, एका तीराने समुद्रापर्यंत आणि दुसऱ्या तीराने अमरकंटकच्या उगमाला वळसा घालून निघाल्या जागी पायी परतण्याच्या व्रताला परिक्रमा म्हणतात आणि ते व्रत घेणाऱ्याला परिक्रमावासी. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर असल्याने ही चाल अडीच हजार किलोमीटरांच्या पुढे जाते, आणि परंपरेने तिला ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांचा अवधी सांगितला आहे. शेती किंवा नोकरी सांभाळणाऱ्या गृहस्थाला एवढा काळ घराबाहेर राहणे अशक्य असल्यामुळे खंड परिक्रमेची सोय रूढ झाली. तीत माणूस सवडीप्रमाणे काही दिवस चालतो, घरी परततो आणि पुढच्या खेपेस जेथे थांबला होता तेथूनच पुन्हा वाट धरतो.

अशा खंड परिक्रमेला निघणाऱ्या नागपूरकरांचे या काठाशी असलेले नाते केवळ भाविकतेचे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नर्मदाकाठच्या मंडल्याकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. पण १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर नर्मदेचे हेच खोरे पुन्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात आले आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाल्याने नागपूरच्या यात्रेकरूला काठ गाठणे सोपे झाले. आज नागपूरच्या मनीषनगरात राहणारा माणूस संध्याकाळी अजनी किंवा नागपूर स्थानकावरून गाडी धरून रात्रीतून सुमारे ३०० किलोमीटरांवरील इटारसीला उतरतो आणि तेथून थोड्याच अंतरावर नर्मदापुरमचा घाट गाठतो.

परिक्रमेच्या चालण्याची आखणी पूर्वी नकाशावर होत नसे, ती पंचांगावर आणि काठच्या गावांवर होत असे. चातुर्मासात परिक्रमावासीने एकाच ठिकाणी मुक्काम करायचा आणि कार्तिकी एकादशीनंतर पाऊल उचलायचे, हा नियम धार्मिक म्हणून सांगितला जात असला तरी त्यामागे काठाचा भूगोल उभा आहे; नर्मदा ओलांडायची नसली तरी तिला मिळणारी प्रत्येक उपनदी पायीच ओलांडावी लागते, आणि बांद्राभानजवळ संगम पावणारी तवा पावसाळ्यात पायी उतरण्याजोगी नसते. उद्याचा शिधा आज साठवायचा नाही, हा दुसरा नियम. तो पाळणे शक्य झाले ते सदावर्तामुळे, म्हणजे वाटसरूला रोज विनामूल्य शिधा देण्याच्या व्यवस्थेमुळे: एखाद्या आश्रमाच्या किंवा शेतकऱ्याच्या ओसरीवर ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहिले की पसाभर कणीक, मूठभर डाळ, मीठ-मिरची पदरात पडे, आणि तीन दगडांची चूल मांडून परिक्रमावासी आपल्या हाताने टिक्कड, म्हणजे जाड भाकरीसारखी पोळी, भाजून घेई. त्यामुळे झोळीत कांबळे, कमंडलू आणि नर्मदाजलाची कुपी यांपलीकडे फारसे काही लागत नसे. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ही या खोऱ्याच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट मानली पाहिजे.

खंड परिक्रमेला आधुनिक पदयात्रेचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांच्याकडे जाते. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंकडे शिकलेल्या आणि पुढे कलाशिक्षक झालेल्या वेगडांनी १९७७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूर ते मंडला हा पहिला टप्पा चालून काढला आणि त्यानंतर अनेक वर्षे ते असेच थोडे थोडे चालत राहिले. पुण्यसंचयाइतकेच नदीचे रूप पाहण्यासाठीही परिक्रमा करावी, ही त्यांची दृष्टी गुजराती व हिंदी पुस्तकांतून सर्वदूर पोहोचली; मराठीत जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने या वाटेची ओढ असंख्य वाचकांना लावली.

परंतु वाट मात्र पूर्वीची राहिलेली नाही. इंदिरासागर धरणाच्या पाण्यासाठी २००४ मध्ये हरसूद हे गाव उठले. सरदार सरोवर धरणाने शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आणि नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीचा काठ बुडवला. जलाशय आला की काठाची पाऊलवाट तुटते, परिक्रमावासीला डांबरी रस्त्याने दूरचा वळसा पडतो आणि जुन्या मुक्कामांमधील दिवसाच्या चालीचा हिशेब चुकतो. खंड परिक्रमेसाठी आठवड्याची आखणी करणाऱ्याने म्हणूनच जुन्या पुस्तकातील मुक्काम जसेच्या तसे धरू नयेत, पुढच्या गावाची वाट मागच्या गावात विचारून घ्यावी. जबलपूरच्या वर बरगी धरणाचा जलाशय मंडल्याच्या दिशेने दूरवर पसरला आहे, आणि वेगड १९७७ मध्ये ज्या काठाने चालले त्याचा बराचसा भाग आज त्या पाण्याखाली आहे. तो पाहायचा तर त्यांची रेखाचित्रेच उघडावी लागतात.