खोक्यातूनच लावून येणारी चाळणी

मार्च 2021 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी एका विधेयकावर सही केली. राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये आणि टॅबलेटमध्ये अश्लील मजकूर अडवणारा फिल्टर आधीपासूनच चालू असावा, प्रौढ माणसाला तो नको असेल तर त्याने पासकोड टाकून बंद करावा, असा त्याचा आशय. ग्यानबाची मेख शेवटच्या कलमात होती. आणखी पाच राज्यांनी असाच कायदा केला तरच हा लागू होणार, आणि 2031 पर्यंत तसं झालं नाही तर आपोआप रद्द होणार. सही झाली, बातम्या झाल्या आणि दुकानातला एकही फोन बदलला नाही.

मुलांना वाचवायचं असेल तर फिल्टर कारखान्यातच बसवा आणि तो चालू करूनच विका, ही मागणी आता अनेक देशांत ऐकू येते. तिचा माग काढत मागे गेलं तर एक विचित्र गोष्ट हाती लागते. फिल्टर पहिल्यांदा पुढे आला तो कायद्याला पर्याय म्हणून. सरकारने इंटरनेटला हात लावू नये असं म्हणणारी मंडळीच तेव्हा त्याची वकिली करत होती.

1995 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घबराट पसरली होती. 'टाइम' साप्ताहिकाच्या 3 जुलैच्या मुखपृष्ठावर पडद्याच्या उजेडात डोळे विस्फारलेलं एक लहान मूल होतं. आतला लेख कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या पाहणीवर बेतलेला. युजनेट या इंटरनेटवरच्या चर्चागटांच्या जाळ्यातल्या चित्रांपैकी 83.5 टक्के चित्रं अश्लील असतात, असा त्यातला आकडा. काही आठवड्यांत अभ्यासकांनी त्या पाहणीच्या चिंध्या केल्या, पण तोवर आकडा सिनेटच्या सभागृहात पोचला होता. त्याच वर्षी सर्फवॉच नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. ते काढणारे बिल डुव्हाल म्हणजे 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसहून आलेला, इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश ज्यांनी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत बसून घेतला, तेच. सर्फवॉचच्या आगेमागे नेट नॅनी, सायबरसिटर, सायबर पेट्रोल अशी भावंडं जन्मली. आईबापांनी दुकानातून विकत आणायचं आणि आपल्या घरच्या संगणकावर बसवायचं, असा सगळा मामला.

8 फेब्रुवारी 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. आजच्या वादातला प्रत्येक पक्ष त्या एका कायद्याच्या पोटात सापडतो. सिनेटर जेम्स एक्सन यांच्या आग्रहाने आलेल्या भागात मुलांना दिसेल अशा रीतीने असभ्य मजकूर टाकणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा होती. दुसऱ्या भागात, पुढे कलम 230 म्हणून गाजलेल्या तरतुदीत, स्वतःहून मजकूर गाळणाऱ्या कंपन्यांना संरक्षण होतं. आणि तिसरा भाग होता व्ही-चिपचा. ही चिप बनवणारे टिम कॉलिंग्ज कॅनडातले. 6 डिसेंबर 1989 रोजी मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने 14 स्त्रियांना ठार मारलं, त्या धक्क्यातून दूरचित्रवाणीवरची हिंसा अडवण्याची कल्पना त्यांना सुचली. अमेरिकी कायद्याने ती उचलली: 1 जानेवारी 2000 पासून 13 इंच किंवा त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या टीव्हीत चिप हवीच.

युटाच्या कायद्याचा खरा आजोबा हा चिपचा नियम. घरात घ्यायच्या वस्तूत गाळणी बसवूनच विका, असा हुकूम कायद्याने कारखानदाराला दिला. फरक एवढाच की चिप बंद अवस्थेत यायची. चालू करायची की नाही हे आईबापांनी ठरवायचं. 2001 मध्ये कायझर फाउंडेशनने विचारलं तेव्हा फक्त 7 टक्के पालक ती वापरत होते. पुढच्या प्रत्येक कायदेकर्त्याच्या डोक्यात हा आकडा राहिला असावा. लोक बटण दाबत नाहीत म्हटल्यावर ते आपणच दाबून द्यावं, हा विचार फार दूर नव्हता.

पण मधल्या काळात न्यायालयांनी फिल्टरला वेगळीच प्रतिष्ठा दिली. 26 जून 1997 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक्सन यांची शिक्षेची तरतूद रद्द केली. दुरुस्त करून आणलेला 1998 चा कायदाही 2004 मध्ये अडला, आणि त्या निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी सरळ लिहिलं की मजकूर उगमापाशी बंद करण्यापेक्षा तो जिथे पोचतो तिथे गाळणं हा कमी जाचक मार्ग आहे. बोलणाऱ्याचं तोंड बांधू नका, ज्याला नको आहे त्याने आपल्या घरी फिल्टर लावावा, हा युक्तिवाद तिथे मान्य झाला.

ही प्रतिष्ठा फिल्टरच्या अकलेवर मिळालेली नव्हती. सर्फवॉचने एकदा व्हाइट हाउसचंच एक पान अडवलं होतं, कारण पत्त्यात 'कपल्स' हा शब्द होता. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात चार अक्षरांची एक शिवी दडलेली आहे.

एव्हाना फिल्टर घरातून बाहेर पडला होता. डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या कायद्याने सांगितलं की इंटरनेटसाठी केंद्र सरकारची सवलत हवी असेल तर शाळांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी फिल्टर लावलाच पाहिजे. ग्रंथपालांची संघटना कोर्टात गेली आणि 2003 मध्ये हरली. मोठ्या माणसाने मागितलं तर ग्रंथपाल फिल्टर उघडून देऊ शकतो, मग अडचण काय, असं न्यायालयाचं म्हणणं. आपल्याला काय पाहायचंय ते आधी काउंटरवर सांगायचं, ही अडचण न्यायमूर्तींना फारशी टोचली नाही.

याच सुमारास मुंबईतही हा विषय कोर्टात आला होता, ही गोष्ट आपल्याकडे विसरली गेली आहे. 2001 मध्ये सायबर कॅफेंतून अल्पवयीन मुलांना अश्लील साइट दिसतात या तक्रारीची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि एक समिती नेमली. समितीने 2002 च्या सुरुवातीला अहवाल दिला. प्लायवूडच्या खोपट्यांऐवजी मुलांना मोकळ्या जागेतल्या, सगळ्यांना दिसतील अशा संगणकांवर बसवावं आणि त्या संगणकांवर फिल्टर असावेत, असं त्यात सुचवलं होतं. यातला पहिला उपाय मला आजही दुसऱ्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

फिल्टर चालू करूनच विकायचा हुकूम एखाद्या मोठ्या सरकारने काढला तर काय होतं, ते चीनमध्ये दिसलं. 19 मे 2009 च्या पत्रकात चीनच्या उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जाहीर केलं की 1 जुलैपासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकासोबत 'ग्रीन डॅम' नावाचं सॉफ्टवेअर आलं पाहिजे. कारण: मुलांचं रक्षण. झेंगझोऊ शहरातल्या जिनहुई कंपनीला आणि तिच्या भागीदाराला त्यासाठी 4 कोटी 17 लाख युआन मोजले होते. चित्रात कातडीचा रंग किती दिसतो यावरून ते नग्नता ओळखायचं. त्यामुळे गारफिल्ड हे केशरी मांजर अडलं, भाजलेलं डुकराचं मांस अडलं आणि काळ्या माणसांची नग्न चित्रं सुटली, अशी उदाहरणं चिनी नेटकऱ्यांनी हसत हसत गोळा केली. 11 जूनला मिशिगन विद्यापीठाच्या ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते सॉफ्टवेअर उलगडून पाहिलं तेव्हा हसू मावळलं. त्यात अशा फटी होत्या की वापरणाऱ्याने एखादी साइट उघडताच तिच्या मालकाने संगणक ताब्यात घ्यावा. शब्दांच्या यादीत फालुन गोंग या चीनमध्ये बंदी असलेल्या पंथाच्या नावासारखे राजकीय शब्द होते. आणि अडवायच्या साइटच्या याद्या चक्क कॅलिफोर्नियाच्या सायबरसिटरमधून उचलल्या होत्या. चोरीचा पुरावाही आतच राहिला होता: सायबरसिटरचं 2004 मधलं एक बातमीपत्र फायलींमध्ये तसंच पडून होतं.

अमेरिकी आईबापांनी सरकारच्या कायद्याऐवजी जो फिल्टर निवडला, त्याच्या याद्या पंधरा वर्षांत दुसऱ्या एका सरकारच्या सक्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसल्या. या वंशावळीतला हा धागा मला सगळ्यात बोलका वाटतो. चीनने 30 जूनला, मुदतीच्या आदल्या दिवशी, सक्ती पुढे ढकलली आणि ऑगस्टमध्ये घरगुती संगणकांवरून काढूनच घेतली. सायबरसिटरच्या मालकांनी जानेवारी 2010 मध्ये 2.2 अब्ज डॉलरचा दावा ठोकला.

दक्षिण कोरियाने यातून फारसं काही घेतलं नाही. एप्रिल 2015 पासून तिथे 19 वर्षांखालच्या मुलांच्या नव्या फोनवर अडवणारं ॲप सक्तीचं झालं. सरकारच्या पाठिंब्याने निघालेलं 'स्मार्ट शेरिफ' हे त्यातलं गाजलेलं ॲप. सप्टेंबरमध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने त्यात सुरक्षिततेच्या 26 त्रुटी दाखवल्या. मुलांची माहिती परक्याच्या हाती जाऊ शकत होती, आणि तीही मुलांच्या रक्षणासाठी बसवलेल्या ॲपमधून. नोव्हेंबरपर्यंत ॲप बाजारातून गेलं. जपानने 2009 पासून मऊ वाट धरली: अल्पवयीन ग्राहकाला फिल्टर देणं मोबाइल कंपनीवर बंधनकारक, पण पालकाने नको म्हटलं तर नको. ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये 8 कोटींहून अधिक डॉलर घालून घरोघरी फुकट फिल्टर वाटायला काढला. मेलबर्नच्या एका शाळकरी मुलाने तो अर्ध्या तासात चुकवून दाखवला.

ब्रिटनने कायदा न करता धमकीवर काम भागवलं. 22 जुलै 2013 च्या भाषणात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी चार मोठ्या इंटरनेट कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक ग्राहकासमोर फिल्टरचा प्रश्न ठेवा आणि 'चालू'वर आधीच खूण करून ठेवा. वर्षभराने ऑफकॉम या नियामक संस्थेने मोजलं तर नव्या ग्राहकांत व्हर्जिनचे 4 टक्के, बीटीचे 5 टक्के, स्कायचे 8 टक्के आणि टॉकटॉकचे 36 टक्के लोकांनी फिल्टर ठेवला होता. मग स्कायने न विचारताच चालू केला आणि त्यांचा आकडा चढला. लोकांचं मत बदललेलं नव्हतं. फक्त बटणाची मूळ जागा बदलली होती.

इथवर कारण एकच सांगितलं जात होतं: मुलांना हे दिसू नये. अमेरिकेत 2016 मध्ये त्याला नवी कारणं जोडली गेली. युटाने ठराव करून अश्लीलतेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं. डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाचे आमदार बिल चमली यांनी जे विधेयक आणलं त्याचं नावच मानवी तस्करी प्रतिबंधाचं होतं. प्रत्येक संगणकात फिल्टर चालू करूनच विका, ज्या प्रौढाला तो नको त्याने 20 डॉलर भरावेत, आणि तो पैसा तस्करीविरोधी कामाला द्यावा, अशी योजना. अशीच विधेयकं मग डझनावारी राज्यांत उगवली. त्यांच्यामागे फिरणारा वकील असा की त्याने आधी फोनमध्ये फिल्टर नाही म्हणून ॲपलवर दावा केला होता आणि समलिंगी विवाहाच्या विरोधात मला माझ्या लॅपटॉपशी लग्न करू द्या म्हणून कोर्टाची दारं ठोठावली होती. ऱ्होड आयलंडच्या सिनेटरने 2018 मध्ये हा उगम कळताच आपलं विधेयक मागे घेतलं. अपहरणातून सुटलेल्या एका तरुणीचं नाव त्या मोहिमेने परवानगीशिवाय वापरलं होतं; तिने वकिलामार्फत ते काढायची मागणी केली. पण कल्पना मेली नाही. युटाचा 2021 चा कायदा तिचाच अधिक सभ्य धाकटा भाऊ.

मुलांचं शोषण थांबवायचं म्हणून अश्लील साइट गाळणारा फिल्टर सक्तीचा करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मुलाला जाळ्यात ओढणारा माणूस त्याला अश्लील साइटवर भेटत नाही. तो गेममधल्या गप्पांत, इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये, शेजारच्या घरात भेटतो, आणि तिथे हा फिल्टर आंधळा असतो. शोषणाची चित्रं पकडणारं तंत्र वेगळ्या घराण्यातलं आहे. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हॅनी फरीद यांनी फोटोडीएनए बनवलं. ते आधीच सापडलेल्या चित्राच्या ठशाशी नवं चित्र जुळवतं, आणि हे काम कंपन्यांच्या सर्व्हरवर चालतं. फोनच्या खोक्यावर पासकोड लावून ते होत नाही.

दहा वर्षांच्या मुलाच्या हाती उघडा फोन देऊ नये, हे मला मान्य आहे. म्हणूनच फ्रान्सची रीत मला बरी वाटते. 2022 च्या कायद्यानुसार, जुलै 2024 पासून, तिथे प्रत्येक नव्या फोनमध्ये पालक-नियंत्रण फुकट असतं आणि फोन पहिल्यांदा चालू करताना ते हवं का असं विचारलं जातं. उत्तर माणूस देतो.

भारताची पावलं मात्र दुसऱ्या दिशेची आहेत. 31 जुलै 2015 रोजी दूरसंचार खात्याने 857 साइट बंद करायला सांगितल्या आणि चार-पाच दिवसांत आदेश सैल केला. जानेवारी 2020 मध्ये जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने 40 शिफारशी केल्या. त्यांत एक होती की मुलं काय पाहतात यावर लक्ष ठेवणारी ॲप भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या उपकरणांवर सक्तीची करावीत. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच टाकून देण्याचा आदेश निघाला आणि ओरड झाल्यावर 3 डिसेंबरला मागे घेतला गेला. ते ॲप फिल्टर नव्हतं, हे खरं. पण खोक्यात काय घालून विकायचं हे आपण ठरवू, असं सरकारला वाटू लागलं आहे.

पुढचं विधेयक येईल तेव्हा त्याचं नाव सुंदर असेल. ते बाजूला ठेवून तीन गोष्टी वाचा: अडवायची यादी कोण करणार, चुकून अडलेली साइट कोण सोडवणार, आणि फिल्टर बंद करणाऱ्याची नोंद कुठे राहणार. तोवर मुलाच्या फोनमधलं पालक-नियंत्रण तुम्हीच चालू करा. मुलाला कुणी ऑनलाइन छळत असेल तर 1098 वर फोन करा. शोषणाची चित्रं दिसली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आपलं नाव न सांगताही तक्रार करता येते.