सिंधूकाठचं रक्त, उल्हासकाठची मुलं

‘थॅलेसेमिया’ या शब्दात समुद्र आहे. ग्रीक भाषेत ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांतील मुलांत हा आजार प्रथम नजरेत भरला, म्हणून १९३२ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. व्हिपल यांनी हे नाव वापरलं. मी कवी माणूस, वैद्यकातलं मला बेताचंच कळतं. पण हा शब्द ऐकला की मला दुसराच समुद्र दिसतो. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईला उतरलेल्या सिंधी कुटुंबांचा.

त्यांतल्या जवळपास लाखभर लोकांना सरकारनं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हे पत्ते मात्र लोकांच्या तोंडी राहिले. घरदार मागे राहिलं, रक्त बरोबर आलं. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे शंभरात तीन-चार यापेक्षा, बरंच जास्त आहे.

वाहकाला स्वतःला काही होत नाही. आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. असं मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षात पांढरंफटक पडतं, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. जन्मभर. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साचतं, ते काढायला पुन्हा औषधं.

ही मुलं नेमकी कुठल्या डॉक्टरची? आपल्याकडे या प्रश्नाला बराच काळ धड उत्तर नव्हतं. आजार रक्ताचा, पण त्यातून कायमची सुटका करणारी वाट निघाली ती कर्करोगाच्या दवाखान्यांतून. अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा बदलण्याचे प्रयोग करीत होते. १९८१ च्या अखेरीस त्यांच्या चमूनं तोच उपाय थॅलेसेमियाच्या बाळावर केला.

त्याच सिएटलला शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी. जन्म १९४७, कराची. म्हणजे त्याच वाटेनं आलेलं कुटुंब. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते एम.बी.बी.एस. आणि एम.डी. झाले, आणि पुढची सारी रुग्णसेवा चाकांच्या खुर्चीतून. मार्च १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात त्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. वेल्लोरला १९८६ मध्ये हे काम सुरू झालं. मज्जा सर्वांत चांगली जुळते ती सख्ख्या भावंडाची, आणि तिथंही शक्यता पुन्हा चारात एकच! निसर्गाला हा आकडा फार आवडतो असं दिसतं.

असे डॉक्टर घडवणं हे सावकाशीचं काम. कर्करोगवैद्यकातली डी.एम. पदवी भारतात १९८४ मध्ये मद्रासच्या अड्यार इथं सुरू झाली. बारावीनंतर साडेपाच वर्षं, मग एम.डी.ची तीन, मग डी.एम.ची तीन, हिशेब साडेअकरा वर्षांचा, मधल्या प्रवेशपरीक्षा वेगळ्याच. इतकं शिकलेला माणूस जिथं प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि प्रत्यारोपणाची खोली असेल तिथंच बसतो, त्यात त्याचा दोष नाही. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. पण मोठ्या उपचारासाठी अंबरनाथ-बदलापूरची माणसं आजही फाइलची पिशवी घेऊन परळची वाट धरतात. मुलाची शाळा आणि बापाचा रोज, दोन्ही बुडतात.

हा प्रश्न एकट्या सिंधी समाजाचा नाही. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत निकाह होतात. एकाच घराण्यातला दोष दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याचा धोका तिथं वाढतो. लग्नाआधी मेहेरची रक्कम तासन् तास ठरवणारी मंडळी रक्ततपासणीचं नाव काढलं की गप्प होतात, हे मी पाहिलं आहे. तपासणी एका सुईची आहे, ‘हिमोग्लोबिन ए-टू’ची. ती आयुष्यात एकदा करायची असते. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायचं कारण नाही. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाची तपासणी होऊ शकते.