तळटीप : ‘हॅविंग’ने सुरू होणारी वाक्ये
१. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगातून निसटले आणि लगेच पुन्हा पकडले गेले. ‘हॅविंग एस्केप्ड’ ही मूळ वाक्यातली इंग्रजी रचना म्हणजे परफेक्ट पार्टिसिपल : पहिली क्रिया पुरी झाली, मग दुसरी घडली. शाळेत तिचा अर्थ सरसकट ‘-ऊन’ असा शिकवतात. ‘जेवून निघालो’ला तो चपखल बसतो, पण ‘निसटून पकडले गेले’ हे मराठी कानाला खटकतेच. म्हणून अनुवादात ‘निसटल्यावर’ केले आहे. ‘हॅविंग बीन अरेस्टेड’ या कर्मणी रूपालाही ‘अटक झाल्यावर’ हेच बरे.

कर्त्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘हॅविंग रीच्ड पनवेल, द रेन स्टार्टेड’ असे सर्रास लिहिले जाते. त्यात पनवेलला पोहोचतो तो पाऊस! ‘पनवेलला पोहोचून पाऊस सुरू झाला’ हे मराठीतही तितकेच चूक. मराठीत ‘पोहोचल्यावर’ने काम भागते, इंग्रजीत ‘आफ्टर वी रीच्ड पनवेल’ असा कर्ता सांगावाच लागतो. ‘द ट्रेन हॅविंग लेफ्ट’सारख्या रचनेत तो आधीच सांगितलेला असतो, म्हणून ती शुद्ध. पुढील प्रकरणांतही गरजेप्रमाणे ‘-ऊन’ किंवा ‘-ल्यावर’ योजले आहे.