‘सफारी’ : शब्द, वाट आणि वाटाड्या

आफ्रिकेच्या रानात वन्यप्राणी पाहण्यासाठी वाटाड्यासह केलेला प्रवास या अर्थी ‘सफारी’ हा शब्द आज जगातील बहुतेक भाषांत रूढ झाला आहे. मराठीतही तो इंग्रजीच्या द्वारे आला, आणि आला तो परका पाहुणा म्हणून. वस्तुतः त्याचा सख्खा भाऊ मराठीच्या घरात फार पूर्वीपासून नांदत होता. अरबी ‘सफर’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत उतरला व त्याच धातूपासून झालेल्या ‘मुसाफिर’ या शब्दालाही त्याने बरोबर आणले. हाच शब्द अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला आणि स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. तेथे प्रवास करणारा तो ‘म्सफिरी’ आणि प्रवाशांचा तांडा तो ‘म्सफारा’. स्वाहिलीभाषकाच्या तोंडी मात्र या शब्दाचा जनावरांशी मुळीच संबंध नाही. मोंबासाहून नैरोबीस बसने जाणाऱ्या म्हातारीचा प्रवासही सफारीच होय, आणि तिला निरोप देताना ‘सफारी न्जेमा’, म्हणजे प्रवास सुखाचा होवो, असेच म्हटले जाते.

तेव्हा प्रश्न असा की, कोणत्याही प्रवासाचा वाचक असलेला हा शब्द सिंह, हत्ती व गेंडा यांच्या दर्शनापुरता आकुंचित कसा झाला? अर्थसंकोच ही भाषाशास्त्रातील नित्याची घटना आहे. तिच्याबद्दल आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परंतु या संकोचात केवळ अर्थच गळला असे नाही, तर वाट दाखवणारा माणूसही नोंदीतून गळत गेला. शब्दाच्या इतिहासाबरोबर त्या माणसाचा इतिहासही पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातील सफारी म्हणजे झांजिबारसमोरच्या बागामोयो बंदरातून आत ताबोरा व उजीजीपर्यंत जाणारा व्यापारी तांडा. हस्तिदंत व गुलाम हा त्याचा मुख्य व्यापार. ओझे वाहणारे ‘वापगाझी’ बहुधा न्याम्वेझी जमातीचे असत, आणि सर्वांच्या पुढे, निशाण घेऊन चालणारा तो ‘किरांगोझी’. आजच्या स्वाहिलीत पुढाऱ्यास ‘कियोंगोझी’ म्हणतात, तो याच शब्दाचा आप्त होय. पाणी कोठे, मुक्काम कोठे, कोणत्या गावच्या मुखियाला किती कापड द्यावे लागेल, हे या माणसाला ठाऊक असे. इंग्रजी वाचकाला ‘सफारी’ शब्दाची ओळख करून देणाऱ्यांत अग्रस्थानी असलेला रिचर्ड बर्टन याच तांड्याच्या वाटेने गेला. मध्य आफ्रिकेतील सरोवरांविषयीचा त्याचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला.

बर्टन व त्याचा सोबती स्पीक हे १८५६ च्या अखेरीस निघाले ते मुंबईहून. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांना जो साहाय्यक मिळाला त्याच्या नावातच मुंबई होती. सिद्दी मुबारक बॉम्बे हा जन्माने याओ. बालपणी गुलाम म्हणून विकला जाऊन तो पश्चिम हिंदुस्थानात आला, धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन आफ्रिकेस परतला, आणि जाताना या शहराचे नाव अंगावर घेऊन गेला. स्पीक हिंदुस्थानी सैन्यातील अधिकारी. म्हणून दोघांचे बोलणे हिंदुस्थानीत चाले. आफ्रिकेच्या अंतर्भागातील नाईलच्या शोधाचा एक मोठा भाग हिंदुस्थानी भाषेतून घडला, ही गोष्ट त्या शोधाच्या लोकप्रिय कथनांत क्वचितच आढळते. मुबारकने पुढे स्पीक व ग्रँट, स्टॅन्ली आणि कॅमरन यांच्याही मोहिमा सांभाळल्या. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यास रौप्यपदक व निवृत्तिवेतन दिले खरे. शोधक ही पदवी मात्र इतरांकडेच राहिली. नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत, त्यांचीही गोष्ट याच जातीची आहे. त्यांपैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर तेथील झाडावर स्मृतिलेख कोरला आणि पुढल्या वर्षी शवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला.

तांड्याची सफारी संपवली ती लोहमार्गाने. मोंबासाहून १८९६ मध्ये सुरू झालेला युगांडा रेल्वेचा मार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरास पोहोचला. त्यासाठी सुमारे ३२,००० हिंदी मजूर नेण्यात आले, त्यांत पंजाबी बहुसंख्य होते. सुमारे २,५०० मरण पावले. त्सावो नदीच्या पुलावर १८९८ मध्ये दोन सिंहांनी माजवलेला उत्पात पॅटरसनच्या पुस्तकामुळे जगभर गाजला. ज्यांना सिंहांनी नेले त्यांत हे मजूरही होते. स्मरणात राहिले ते सिंह आणि पॅटरसन. वाहनाला स्वाहिलीत ‘गारी’ म्हणतात. हा शब्द हिंदी-गुजराती ‘गाडी’च होय, आणि आगगाडी म्हणजे ‘गारी ला मोशी’, धुराची गाडी. मराठीने तिच्यातील आग पाहिली, स्वाहिलीने धूर पाहिला, एवढाच फरक. रुळांच्या दक्षिणेस राखीव शिकारक्षेत्र असल्याने डब्यात बसल्याबसल्या झेब्रे व हरणे यांचे कळप दिसत. गाडीत बसून आफ्रिकेचे प्राणी पाहण्याची रीत मोटारींच्याही आधी येथे पडली.

याच आगगाडीच्या इंजिनापुढील बाकावर बसून १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट मोंबासाहून आत गेला. अध्यक्षपद नुकतेच सोडलेला हा गृहस्थ, त्याचा पुत्र कर्मिट, स्मिथ्सोनियन संस्थेचे निसर्गशास्त्रज्ञ आणि दोनशेहून अधिक हमाल असा तो लवाजमा होता. पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे मारली व त्यांची मोजदाद पुस्तकात प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र छापली. गोळी कोणाची, हे तेथे निश्चित कळते. जनावर प्रथम कोणी पाहिले, माग कोणी काढला, वारा कोणत्या दिशेने वाहतो हे कोणी सांगितले, यांसाठी त्या सूचीत स्तंभ नाही. ‘बुंदुकी’ हा स्वाहिली शब्दही मराठी ‘बंदूक’ शब्दाचा अरबी कुळातील भाऊ आहे. बंदूक ज्याच्या हाती, नोंदही त्याची, असा जणू नियमच होता.

या नियमाला साहित्यातही फारसा अपवाद नाही. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९३३-३४ च्या शिकारीवरून लिहिलेल्या व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ या पुस्तकात बंदूक वाहणारा म्कोला ही व्यक्ती जिवंत उतरली आहे, आणि लेखकाला त्याच्याविषयी वाटणारा आदर खोटा नाही. परंतु माग काढणाऱ्या दुसऱ्या दोघांना लेखकाने स्वतःच नावे ठेवली आहेत. पापण्या ओघळलेल्या म्हणून एक ‘ड्रूपी’, आणि नाटकी हावभाव करतो म्हणून दुसरा, एका इंग्रज नटाच्या नावावरून, ‘गॅरिक’. ‘नाव ठेवणे’ या मराठी वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ येथे एकाच वेळी लागू पडतात.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती एका दिवसात नव्हे. जर्मन शिकारी कार्ल गेओर्ग शिलिंग्स याने १९०५ मध्ये रात्रीच्या वन्यजीवनाची छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्या ग्रंथाच्या नावातच प्रकाशझोत व रायफल शेजारी शेजारी आहेत. नैरोबीत १९३४ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक शिकाऱ्यांची संघटना १९७७ पर्यंत टिकली. त्या वर्षी केनियाने शिकारीवर बंदी घातली. इतर देशांनी निरनिराळे मार्ग धरले. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली व २०१९ मध्ये ती उठवली. स्वाहिलीत बंदूक झाडणे ‘कुपिगा बुंदुकी’ आणि छायाचित्र काढणे ‘कुपिगा पिचा’. ‘पिगा’ म्हणजे मारणे. यावरून कॅमेरा हा बंदुकीचाच अवतार, असा निष्कर्ष काही उत्साही लेखक काढतात. तो टिकणारा नाही. दूरध्वनी करणे, आरडाओरडा करणे यांसाठीही स्वाहिलीत ‘पिगा’च येतो, मराठीत हाक मारण्यात कोठे मार असतो? अधिक विश्वसनीय पुरावा ‘पाच मोठे’ या संज्ञेत आहे. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा व रानरेडा हे पाच प्राणी पायी शिकारीस सर्वांत घातक, म्हणून शिकाऱ्यांनी ती यादी केली. आजचा प्रवासी गाडीत सुरक्षित बसून तीच यादी पुरी करतो. उंचीत कोणालाही न हरणारा जिराफ तीत नाही, कारण त्याच्यापासून शिकाऱ्याला तसे भय नव्हते.

प्राणी सहज दिसावेत अशी मोकळी भूमी मात्र आपोआप मिळाली नाही. दक्षिण आफ्रिकेतील साबी राखीव क्षेत्र १८९८ मध्ये जाहीर झाले. १९०२ मध्ये तेथे जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन याची नेमणूक झाली, आणि लवकरच त्याने त्या क्षेत्रातील रहिवाशांना बाहेर काढले. त्सोंगाभाषक लोकांनी त्यास ‘स्कुकुझा’ हे नाव दिले. झाडून स्वच्छ करणारा, असा त्याचा अर्थ काही देतात. सर्व उलथेपालथे करणारा, असा दुसरे देतात. दोहोंतला कोणताही घेतला तरी ज्यांना काढले त्यांची ही साक्ष आहे. पुढे १९२६ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले, १९२७ मध्ये पहिल्या तीन मोटारी आत आल्या, आणि उद्यानाच्या मुख्य तळास ‘स्कुकुझा’ हेच नाव मिळाले. आज तेथे उतरणारे असंख्य प्रवासी हा शब्द उच्चारतात. विस्थापितांनी ठेवलेले नाव गौरवाचे म्हणून फलकावर झळकावे, हा नामशास्त्राच्या अभ्यासकाने जपून ठेवावा असा नमुना आहे. त्याच उद्यानाच्या उत्तर टोकाला, पाफुरी येथून, १९६९ मध्ये माकुलेके लोकांना हलवण्यात आले. ती जमीन १९९८ मध्ये त्यांना परत मिळाली. तेथे शेती न करता ती संरक्षित वनातच ठेवण्याचे त्यांनी मान्य केले.

पूर्व आफ्रिकेतील कथा याहून फारशी निराळी नाही. सेरेंगेटी हे नाव मासाई भाषेतील. अफाट पसरलेले मैदान असा त्याचा अर्थ सांगतात. त्या मैदानाच्या उद्यानातून १९५९ मध्ये मासाईंना न्गोरोन्गोरोकडे हलवण्यात आले, आणि तेथूनही २०२२ पासून त्यांना दूरच्या म्सोमेरा येथे नेण्याचे काम सुरू झाल्याने वाद पेटला. केनियातील त्सावो उद्यान १९४८ चे. त्या रानात प्रचंड धनुष्याने व विषारी बाणांनी हत्ती मारणारे वाटा लोक राहत. १९५६-५७ च्या मोहिमेत त्यांना चोरटे शिकारी म्हणून पकडण्यात आले. परवाना घेऊन रायफलीने हत्ती मारणारा पाहुणा त्याच काळात ‘शिकारी’ म्हणवला जात होता. कृती एकच, शब्द दोन. हत्तींचे रक्षण अनावश्यक होते असे याचा अर्थ नव्हे. हस्तिदंताच्या व्यापाराने केलेला संहार खरा होता. पण त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हे शब्दांच्या या वाटणीत स्पष्ट दिसते. गलाना नदीकाठी १९६० मध्ये वाटा लोकांना कायदेशीर शिकारीवर उपजीविका मिळावी म्हणून एक योजना आखली गेली, ती या अन्यायाची जाणीव काही अधिकाऱ्यांना झाली म्हणूनच.

आता प्रत्यक्ष ‘दर्शन’ कसे घडते ते पाहिले म्हणजे मुद्दा पुरता स्पष्ट होईल. दक्षिण आफ्रिकेच्या खाजगी अभयारण्यांत गाडीच्या पुढच्या टोकावर बसवलेल्या आसनावर माग काढणारा बसतो. पहाटेच्या दवावर उमटलेला ठसा रात्रीचा की आताचा, ठशाची कड ढासळली आहे की ताठ आहे, त्यावरून लहान किडा चालून गेला आहे काय, हे तो पाहतो. इंपाला हरणांचे फुरफुरणे, गिधाडांची घिरटी, रानरेड्याच्या पाठीवरून एकदम उडालेले पक्षी ही त्याची वर्तमानपत्रे. प्रवाशाला सिंह दिसतो तो या वाचनाच्या शेवटी. संस्कृत ‘मार्ग’ हा शब्द ‘मृग’ या शब्दापासून आला व त्याचा मूळ अर्थ श्वापदाची वाट असा होता, असे कोशकार मानतात. मराठी ‘माग’ हा त्याच ‘मार्ग’चा वंशज. ‘माग काढणे’ या प्रयोगात शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थापाशी आला आहे. स्वाहिलीत पावलाचा ठसा तो ‘उन्यायो’, अनेकवचनी ‘न्यायो’. सफारी, बुंदुकी व गारी हे शब्द समुद्र ओलांडून आले. किरांगोझी व उन्यायो हे बांटू कुळातले, आतल्या मुलखातले. (‘सिंबा’ म्हणजे सिंह हा शब्दही तसाच बांटू. ‘सिंह’ शब्दाशी त्याचे साम्य योगायोगाचे आहे; झुलू भाषेत त्याचा सगोत्र शब्द एका लहान मार्जारसदृश प्राण्यासाठी वापरतात.)

माग काढण्याच्या विद्येस ज्ञान म्हणून मान्यता मिळण्यास विसाव्या शतकाचा अखेर उजाडावा लागला. लुई लीबेनबर्ग याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कालाहारीतील शिकाऱ्यांच्या पद्धतीचा अभ्यास मांडला. अपुऱ्या खुणांवरून अनुमान बांधणे, ते पुढच्या खुणेवर पडताळणे आणि चुकल्यास टाकून देणे ही त्यांची रीत म्हणजे वैज्ञानिक विचाराचाच आरंभ होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते सर्वांना मान्य होईलच असे नाही, परंतु त्याने काढलेले पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे ठरले. अक्षरांऐवजी चित्रखुणांवर चालणारे, हातात मावणारे नोंदयंत्र त्याने तयार केले. कारू राष्ट्रीय उद्यानातील कारेल बेनाडी व जेम्स मिन्ये या माग काढणाऱ्या दोघांनी त्यावर काळ्या गेंड्याच्या चरण्याच्या व हिंडण्याच्या बारीक नोंदी केल्या. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हते. त्या कामावरील लेख १९९९ मध्ये ‘पॅकिडर्म’ या नियतकालिकात आला, तेव्हा लेखकांच्या नावांत बेनाडी व मिन्ये ही नावे छापलेली होती.