दृष्टीआडची बाजू



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांचा एक प्रघात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तासाच्या प्रारंभी सर टेबलावर किटली ठेवीत. तोटी आमच्या उजव्या हाताला, मूठ डाव्या हाताला. मग म्हणत, "डोळे मिटा. वरून पाहिले असता ही किटली घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाव फेरा फिरली. तोटी कोठे आली?" कोणी म्हणे फळ्याकडे, कोणी म्हणे खिडकीकडे. सर उत्तर सांगत नसत. किटली फिरवून दाखवीत. तोटी आमच्यावरच रोखलेली असे. कागद आणि पेन्सिल हाती येई ती त्यानंतर.

वस्तू न हलवता ती मनात फिरवून पाहणे, ही एक विद्या आहे. ती जन्मजात देणगी आहे की शिकवता येणारी गोष्ट, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आज तो थोडक्यात आपल्यापुढे मांडण्याचा मानस आहे.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडतो. गास्पार मोंज याचा जन्म १७४६ साली बोन या गावी एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी झाला. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत त्याला प्रवेश मिळाला, तो मात्र आराखडे काढणारा आणि नमुने घडवणारा कारागीर म्हणून. अधिकारी होण्याचा मार्ग कुलीनांसाठी राखीव होता. एकदा त्याच्याकडे किल्ल्याच्या बांधणीचा प्रश्न आला. शत्रूने कोठूनही नेम धरला तरी आतील शिबंदी त्याच्या माऱ्यात येऊ नये, अशी तटाची उंची ठरवावयाची होती. प्रचलित पद्धतीत यासाठी आकडेमोडीचे डोंगर उपसावे लागत. मोंजने ते उत्तर रेखाटनाने काढले, आणि ते इतक्या लवकर की वरिष्ठांनी प्रथम ते तपासण्यासच नकार दिला. एवढ्या अवधीत हे गणित सुटूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती!

त्याची युक्ती सांगावयास सोपी आहे. वस्तूची एक छाया आडव्या पृष्ठावर घ्यावी, दुसरी उभ्या पृष्ठावर. मग उभे पृष्ठ बिजागरीवरच्या दारासारखे फिरवून आडव्याच्या सपाटीत आणावे. आता दोन्ही आकृती एकाच कागदावर येतात आणि त्यांवरून घनवस्तूचे प्रत्येक माप काढता येते. मात्र त्या दोन सपाट आकृतींतून उभी वस्तू मनात साकारण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते. ही पद्धत लष्करी गुपित म्हणून सुमारे तीन दशके राखली गेली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, मोंजने पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि ही विद्या सर्वांना खुली झाली. जगभरच्या अभियांत्रिकी शाळांत आजही शिकविल्या जाणाऱ्या यंत्ररेखाटनाचा पाया तो हाच.

आपल्या बडोद्याला या परंपरेचा स्पर्श लवकर झाला. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिरांच्या मुलांना तंत्रविद्या त्यांच्या स्वभाषेतून मिळाली पाहिजे. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. मेझिएरमध्ये जी विद्या काही निवडक लोकांपुरती होती, ती आपल्या गावात सुताराच्या आणि लोहाराच्या मुलासाठी मांडण्याचा हा प्रयत्न होता.

तथापि ही विद्या मनात कशी घडते, हे कोणी मोजले नव्हते. ते मोजण्याची कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांना १६ नोव्हेंबर १९६८ च्या पहाटे अर्धवट जागेपणी सुचली. घनाकृती अवकाशात संथपणे फिरताना त्यांना दिसल्या. त्यांनी जॅकलिन मेट्झलर या विद्यार्थिनीसह प्रयोग रचला. दहा-दहा ठोकळे जोडून केलेल्या, काटकोनात वळणाऱ्या आकृतींची चित्रे जोडीने दाखवावयाची. दोन्ही चित्रे एकाच वस्तूची आहेत की एक दुसरीचे आरशातील प्रतिबिंब आहे, हे सांगावयाचे. आठ जणांना अशा १६०० जोड्या दाखविल्या. १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन चित्रांतील कोन जसजसा वाढे, तसतसा उत्तराला लागणारा वेळ नेमक्या त्याच प्रमाणात वाढे. हा वेग सरासरीने सेकंदाला सुमारे ६० अंश भरला. जणू माणूस मनातल्या मनात ती वस्तू खरोखरच हाताने फिरवीत होता.

या शोधानंतर तशा चाचण्या निघाल्या, आणि चाचण्यांबरोबर एक समजही रूढ झाला. या चाचण्यांत मुलांचे सरासरी गुण मुलींपेक्षा अधिक येत. त्यावरून पुष्कळांनी मानले की ही शक्ती निसर्गतःच कोणाला असते, कोणाला नसते.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी अनेक वर्षे एका तंत्रनिकेतनात यंत्ररेखाटन शिकविले. गणितात वर्गात पहिली येणारी एक विद्यार्थिनी माझ्या विषयात दोनदा नापास झाली. मी तिला म्हणालो, "बाई, हा डोळा उपजतच असावा लागतो." तिने अभ्यासक्रम सोडला. मी जे बोललो ते मला त्या वेळी प्रामाणिक मत वाटत होते.

ते मत चुकीचे होते, हे दाखविणाऱ्या शेरिल सॉर्बी यांचा अनुभव त्या मुलीसारखाच होता. गणित-विज्ञानात हुशार असूनही यंत्ररेखाटनाने त्यांना विद्यार्थिदशेत रडकुंडीस आणले होते. पुढे मिशिगन तंत्रज्ञान विद्यापीठात शिकविताना १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथम वर्षाच्या ५३५ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. ९६ जणांना ६० टक्के वा त्याहून कमी गुण मिळाले, आणि त्यांत मुलींचे प्रमाण वर्गातील त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक होते. अशांपैकी काहींसाठी त्यांनी स्वतंत्र अभ्यासवर्ग काढला. साधने साधीच होती : जोडावयाचे ठोकळे, कागद आणि पेन्सिल. वस्तू हातात घ्यावी, फिरवावी, रेखाटावी. मग हातात न घेता रेखाटावी. शेवटी ती कापली असता आत काय दिसेल ते सांगावे. एका सत्रात त्यांचे गुण लक्षणीय वाढले, आणि पुढील वर्षांतही अभियांत्रिकीत टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले. २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्षही हाच की अवकाशीय विचार सरावाने सुधारतो आणि ही सुधारणा टिकते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. अशा सरावाने लहान मुलांचे अंकगणितही सुधारते काय, यावर २०१४ आणि २०१५ मधील दोन प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. ठोकळे फिरविणे म्हणजे सर्व विषयांची गुरुकिल्ली नव्हे. परंतु ज्या दारावर 'उपजत असेल त्यानेच यावे' अशी पाटी होती, ती पाटी खोटी होती, एवढे निश्चित.

मोंजच्या वरिष्ठांनी उत्तर न पाहताच 'हे अशक्य' म्हटले होते. मीही त्या मुलीची पात्रता न पाहताच तोच शब्द उच्चारला. सरांनी मात्र आमच्यापैकी एकालाही असे कधी म्हटले नाही. ज्याचे उत्तर चुके त्याच्या हाती ते किटली देत आणि म्हणत, "फिरवून बघ, मग पुन्हा डोळे मीट."

माझी शाळेला एकच विनंती आहे. चित्रकलेचा तास वेळापत्रकातून कमी करण्याचा विषय जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा टेबलावरची ती किटली आठवावी. आणि ज्या मुलाला किंवा मुलीला तिची पलीकडची बाजू अद्याप दिसत नाही, त्याच्या हाती ती आधी द्यावी.