संगणक सुरू न होणे : बूट विषाणूंचा इतिहास आणि दुरुस्तीची बदलती पद्धती (१९८६ ते २०१७)

प्रस्तावना

विषाणूची बाधा झाल्यानंतर लॅपटॉप सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही' असा संदेश उमटतो, हा अनुभव महाविद्यालयीन वर्तुळात अपरिचित नाही. अशा वेळी 'फॉरमॅट करून टाका' हा सल्ला तत्काळ मिळतो आणि प्रबंधाची प्रकरणे, निकालपत्रके व अनेक वर्षांची टिपणे नाहीशी होतात. वस्तुतः यंत्र सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. बूट विषाणूंच्या इतिहासाच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिल्या सेक्टरवरील विश्वास

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरची रचना पुढे सर्वमान्य झाली. वीज मिळताच बायोस ही चिपवरील आज्ञावली यंत्राची प्राथमिक तपासणी करते, डिस्कवरील पहिला ५१२ बाइटचा सेक्टर स्मृतीत आणते आणि पुढील सूत्रे त्याच्या हाती सोपवते. त्या सेक्टरमधील आज्ञा कोणी लिहिल्या, हे पडताळण्याची सोय या रचनेत नव्हती. बूट विषाणूंनी नेमका याच उणिवेचा फायदा घेतला.

१९८६ मध्ये लाहोर येथील बासित व अमजद फारूख अल्वी या बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम संगणकावरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीचा मूळ बूट सेक्टर अन्यत्र हलवून त्या जागी स्वतः बसत असे. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेल्या 'स्टोन्ड'ने हीच युक्ती हार्ड डिस्कवर वापरली. बाधित फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून संगणक सुरू केला की बाधा होई. त्या फ्लॉपीवरून संगणक सुरू होवो अथवा न होवो, विषाणूचे काम तोपर्यंत झालेले असे.

'स्टोन्ड'च्या कुळातील 'मायकेलँजेलो' १९९१ मध्ये आढळला. ६ मार्च या दिवशी तो डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ मध्ये लाखो संगणक बंद पडतील, अशी भाकिते वृत्तपत्रांतून झाली; प्रत्यक्ष हानी त्या तुलनेने फारच थोडी झाली.

उपायातील धोका

या काळातील प्रचलित उपाय म्हणजे लेखन-प्रतिबंधित स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करून 'एफडिस्क'च्या आज्ञेने मुख्य बूट सेक्टरमधील आज्ञावली नव्याने लिहिणे हा होय. 'स्टोन्ड'च्या बाबतीत तो बहुधा यशस्वी होई. परंतु 'मंकी' हा विषाणू विभाजन-तक्ता सांकेतिक रूपात अन्यत्र ठेवून मागणीनुसार उलगडून दाखवीत असे. तेथे हाच उपाय योजल्यास विषाणू जाई, पण त्याबरोबर डिस्कवरील विभागाची वाटही बंद होई. निदानापूर्वी केलेली दुरुस्ती रोगापेक्षा घातक ठरू शकते, हा धडा येथे मिळतो.

चिपपर्यंत पोहोचलेला आघात

तैवानमधील तातुंग विद्यापीठाचा विद्यार्थी चेन इंग-हाऊ याने लिहिलेला 'सीआयएच' १९९८ मध्ये पसरला आणि २६ एप्रिल १९९९ रोजी त्याचा मोठा आघात झाला. दक्षिण कोरिया व तुर्कस्तान येथे विशेष हानी झाली. हा विषाणू डिस्कचा पहिला सुमारे एक मेगाबाइट भाग शून्यांनी भरी आणि शक्य तेथे बायोसची चिपही बिघडवी. चिप बिघडल्यास पडद्यावर काहीच उमटत नसे. तरीही डिस्कचा उर्वरित भाग बहुधा शाबूत असे. मोठ्या डिस्कवर फाइल-तक्त्याची दुसरी प्रत वाचल्याने अनेकांना आपली माहिती परत मिळवता आली. अर्थात, डिस्क तत्काळ फॉरमॅट करून त्यावर नवे लेखन करणाऱ्यांना ही संधी उरली नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकात विषाणू शिरवण्याच्या कृत्याचा स्पष्ट समावेश झाला.

नॉटपेट्या आणि न्हावा शेवा

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून 'नॉटपेट्या' पसरला. संगणक पुन्हा सुरू होताना डिस्क तपासणीचा खोटा देखावा दिसे आणि त्याआड फाइल-तक्ता कुलूपबंद होई. त्याच क्षणी वीज तोडल्यास माहिती वाचण्याची शक्यता असे. मर्स्क समूहाशी संबंधित असल्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. जाळ्याच्या नियंत्रणाची एक प्रत घाना येथील कार्यालयात, वीज खंडित झाल्यामुळे जाळ्याबाहेर असलेल्या सर्व्हरवर, सुरक्षित राहिली होती. तिच्याच आधारे पुनर्बांधणी शक्य झाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दुरुस्तीचा पुढील क्रम निश्चित करता येतो. प्रथम यंत्र बंद ठेवून वारंवार सुरू करण्याचा मोह टाळावा. नंतर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे : बायोसचा आरंभीचा पडदाही न उमटल्यास चिप किंवा अन्य यंत्रभागाची शंका घ्यावी, तो उमटून पुढे काही न घडल्यास डिस्क अथवा बूट सेक्टरची. तिसऱ्या पायरीवर निर्दोष संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून माहितीची प्रत काढावी. डिस्क कूटबद्ध असल्यास त्यासाठी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. त्यानंतरच बूट भागाची दुरुस्ती करावी आणि फॉरमॅट हा अंतिम उपाय समजावा. २०११ नंतर आलेल्या सिक्युअर बूट व्यवस्थेने आरंभीच्या आज्ञावलीची स्वाक्षरी तपासण्यास सुरुवात केली. तथापि २०२३ मध्ये विश्लेषित झालेल्या 'ब्लॅकलोटस'ने तीही भेदता येते, हे दाखवले. म्हणूनच यंत्रापासून अलग ठेवलेली प्रत हेच संशोधकाच्या श्रमांचे खरे संरक्षण होय.